एसटीपीचा गाळ फुकट मिळतोय, शेतात टाकावा का?

बांधावरचा | शनिवार, सकाळी ७:५०

धागा शेतीच्या विभागात टाकावा की पर्यावरणाच्या, ठरेना. शेवटी इथेच टाकतोय.

आमच्या गावापासून अकरा किलोमीटरवर शहराचा सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प (एसटीपी) आहे. क्षमता १० एमएलडी, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटर. गेल्या महिन्यापासून तिथला ठेकेदार आसपासच्या शेतकऱ्यांना गाळ फुकट देतोय. ट्रॉली आपली, डिझेल आपलं, जेसीबीने भरून तो देणार. माझ्या चुलतभावाने दोन ट्रॉल्या आणून बांधाला ओतल्यासुद्धा. काळपट, ढेकळंढेकळं आहे, हाताने चुरा होतो. वास पावसाळ्यात गोठा झाडताना येतो तसा.

भावाचं म्हणणं, "आजोबा सोनखत टाकायचेच की!" खोटं नाही ते. नगरपालिकेच्या खड्ड्यांचा लिलाव व्हायचा, आजोबा बैलगाड्या घेऊन जायचे, आणि त्या वर्षीच्या वांग्यांच्या गोष्टी आम्ही अजून ऐकतो.

पण आजोबांच्या वेळी शहराला एमआयडीसी नव्हती. आता पूर्वेच्या बाजूला लहान लहान गाळे आहेत, त्यात प्लेटिंग (धातूचा मुलामा), पिकलिंग (आम्लात धुणं), पावडर कोटिंग चालतं, आणि त्यांचं पाणी याच लाइनला येतं अशी कुजबुज आहे. भावाचा अर्धा एकर मेथी-पालक, बाकी ऊस. ठेकेदाराने एक कागद दिलाय, त्यावर नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब. बाकी काही नाही.

टाकावा की नाही, एवढाच प्रश्न आहे. विषय भरकटवून धाग्याचा काश्मीर करू नये ही विनंती.

---

तिरकस | शनिवार, सकाळी ८:१५

फुकट ते पौष्टिक.

गाळ्यातून निघालं, गाळात बसलं, शेतात आलं. भाषेने आधीच सांगून ठेवलंय, आपण ऐकत नाही. हलके घ्या.

---

एरेशनवाला | शनिवार, सकाळी १०:४०

मी एका एसटीपीवर (तुमच्या नव्हे) केमिस्ट आहे, चौदा वर्षं झाली. थांबा, लगेच टाकू नका.

आमच्या टाक्यांमधले जिवाणू सेंद्रिय घाण खातात. धातू खात नाहीत. जस्त, निकेल, शिसं, क्रोमियम त्यांच्या अंगाला चिकटतं आणि त्यांच्यासकट खाली बसतं. म्हणजे आम्ही पाणी जितकं चांगलं साफ करू तितका गाळ वाईट. नदीत जाणाऱ्या पाण्याचा रिपोर्ट छान येतो, साहेब खूश, आणि जे पाण्यातून काढलं ते मागच्या अंगणात वाळत पडलेलं असतं.

ठेकेदाराचा कागद खोटा नसेल, अपुरा आहे. नत्र-स्फुरद तपासायला सोपं आणि दाखवायला बरं. धातू तपासायला आम्लात गाळ उकळून मशीनवर लावावा लागतो. ते कोण करतो?

नियमाचं म्हणाल तर शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी २०१६च्या घनकचरा नियमांनी मर्यादा घातल्या. किलोमागे मिलिग्रॅममध्ये, कोरड्या वजनावर: जस्त १,०००, तांबं ३००, शिसं १००, निकेल ५०, क्रोमियम ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५, पारा ०.१५. एसटीपीच्या गाळाला हेच उसने निकष लावतात. भावाला म्हणावं, या आठ धातूंचा रिपोर्ट माग.

---

बांधावरचा | शनिवार, सकाळी ११:०५

मागितला. ठेकेदार म्हणाला, "खताला कसला आलाय धातू?"

---

निकेलवाला | शनिवार, रात्री १०:२०

माझा स्वतःचा प्लेटिंगचा गाळा आहे, २२ वर्षं. निकेल-क्रोम आणि झिंक, दोन्ही लाइनी. वरची कुजबुज वाचली, म्हणून लिहितोय. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आम्ही सगळे रात्री झाकण उघडून सोडणारे. काही आहेत. रात्री अडीचला रस्त्यावरच्या गटारातून वाफ निघते आणि सकाळी पाणी पोपटी दिसतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणाचा गाळा ते लिहीत नाही.

पण धातू पाण्यात जातो कसा, ते आधी बघा. जॉब (मुलामा द्यायची वस्तू) टाकीतून वर काढला की त्याच्या अंगावर बाथचं, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाचं, पाणी असतं. पोऱ्या घाईत असतो, ठिबकत्या जॉबसकट रॅक थेट धुण्याच्या टाकीत. बाथ घट्ट असतो, त्यामुळे वाटीभर ठिबक म्हणजे ग्रॅमांत निकेल. मी टाकीवर एक आडवी दांडी लावली आणि सांगितलं, रॅक दांडीला अडकव, मनात दहा अंक मोज, मग हलव. निकेल सल्फेटची खरेदी त्याच महिन्यात कमी झाली. पुढे एकाऐवजी तीन टाक्यांत धुणं सुरू केलं, पाणी शेवटच्या टाकीकडून पहिलीकडे उलटं येतं. रोजचं पाणी २० हजार लिटरवरून ८ हजारांवर आलं. ईटीपी (गाळ्याचा स्वतःचा सांडपाणी साफ करायचा प्लँट) त्यानंतरची गोष्ट.

ईटीपीत क्रोमचं पाणी वेगळं ठेवावं लागतं. त्यात आम्ल घालून पीएच दोन-अडीचवर आणायचा, मग मेटाबायसल्फाइट. काचेच्या ग्लासात घेऊन बघा कधी: आधी नारिंगी-पिवळं, सरबतासारखं. मेटा टाकत जा, ढवळत जा, एका क्षणी रंग मरतो आणि हिरवट निळसर होतो. म्हणजे सहा संयुजेचं विषारी क्रोम तीनवर उतरलं. मग चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक घालून पीएच साडेआठ-नऊ करा, हिरवा चोथा खाली बसतो. फिल्टर प्रेसमध्ये दाबला की केक. तो केक धोकादायक कचरा, पोत्यात भरून रांजणगावला सुरक्षित भूभरावावर जातो. त्याचे पैसे किलोवर लागतात.

आणि कृपा करून कुणी सायनाइडच्या लाइनीचं पाणी आम्लाच्या पाण्यात मिसळू नका. तिथे माणूस मरतो, काही मिनिटांत. ते आधी पीएच दहाच्या वर ठेवून हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) मारायचं असतं.

हे सगळं मी करतो. शेजारचा करत नाही. त्याचा दर किलोला माझ्यापेक्षा कमी, गिऱ्हाईक त्याच्याकडे. एवढं रडगाणं पुरे.

---

मृद्गंध | रविवार, सकाळी ९:१०

निकेलवाला शेठ, दांडीवर दहा अंक मोजायचं फार आवडलं. मी माती शिकवते (कृषी महाविद्यालयात), तर शेताच्या बाजूने.

सगळे धातू पिकात सारखे चढत नाहीत. क्रोमियम तीन जवळपास मुळातच अडकतं. शिसं मातीला धरून राहतं, ते आपल्या पोटात जातं धुळीतून आणि नीट न धुतलेल्या भाजीतून. जस्त, तांबं, निकेल फार झालं तर पीकच आधी पिवळं पडतं, खुरटतं, माणसापर्यंत पोचायच्या आत झाड सांगतं. कॅडमियम मात्र झाडाला काही न होता पानात साठतं. पालक, मेथी, लेट्यूस, तंबाखू ही त्याची लाडकी पिकं. म्हणून ऊस आणि मेथी यांना एकच उत्तर नाही.

जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात वरच्या खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं. बायकांची हाडं साध्या खोकल्याने मोडायची. रोगाचं नावच "इताई-इताई", म्हणजे "दुखतंय, दुखतंय". सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला १९६८ मध्ये. दोन ट्रॉल्यांनी तसं होणार नाही, घाबरवत नाहीये. पण धातू कुजत नाही, उडून जात नाही. दर वर्षी टाकला की दर वर्षी चढतो.

माती कुठली आहे? आपली काळी माती चुनखडीची, पीएच आठच्या आसपास, ती कॅडमियम बरंच बांधून ठेवते. कोकणातल्या जांभ्याच्या आंबट मातीत तोच गाळ जास्त त्रास देईल.

---

बांधावरचा | रविवार, सकाळी ९:३२

काळी, पण ओढ्याकडचा तुकडा मुरमाड. आणि मेथी नेमकी तिथेच.

---

इंद्रायणीकाठ | रविवार, दुपारी १२:५०

आळंदीला या एकदा. घाटावर पांढरा फेस, कापसाच्या गाद्या तरंगाव्यात तसा, आणि त्यातच वारकरी डुबकी घेतायत. दर कार्तिकीच्या आधी बातम्या, पाहणी, नोटिसा. तुम्ही गाळाचं काय घेऊन बसलात, इथे नदीच साबणाची झालीय.

---

एरेशनवाला | रविवार, दुपारी २:०५

काठकर, तुमची तळमळ समजते. पण फेस हा मुख्यतः साबण-डिटर्जंटचा आणि अर्धवट शुद्ध झालेल्या मैल्याचा. तो दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. निकेलचं पाणी नितळ असू शकतं.

आता ज्याच्यासाठी हा प्रतिसाद लिहायला बसलो ते. कागद-पेन्सिल घ्या. मला स्वतःला हे कळायला दहा वर्षं लागली.

कारखान्याने सार्वजनिक गटारात काय सोडावं याच्या मर्यादा पर्यावरण संरक्षण नियम, १९८६च्या सहाव्या अनुसूचीत आहेत. लिटरमागे मिलिग्रॅममध्ये: जस्त १५, निकेल ३, तांबं ३, एकूण क्रोमियम २, शिसं १, कॅडमियम १. जस्ताला नदीत सोडताना ५ आणि गटारात १५, कारण पुढे एसटीपी आहे. (कॅडमियमला उलटं, नदीत २ आणि गटारात १. का, ते विचारू नका.)

तुमचा प्लँट १० एमएलडी, म्हणजे १० हजार घनमीटर. घनमीटरमागे साधारण २०० ग्रॅम कोरडा गाळ धरा, रोज २ टन. कंपोस्टच्या निकषाने निकेल किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टनांत १०० ग्रॅम. शहरभरातून रोज गाळात बसायला परवानगी फक्त १०० ग्रॅम निकेलला.

आता निकेलवाला शेठसारखे दहा गाळे घ्या. प्रत्येकी ८ हजार लिटर, आणि सगळे कायद्यात, बरोबर ३ मिलिग्रॅमवर. ८० हजार लिटर गुणिले ३, झाले २४० ग्रॅम. निकेल तसं चुकार, त्यातलं ४० टक्क्यांच्या आसपासच गाळात बसतं. ९६ ग्रॅम.

दहा गाळ्यांत संपलं. अकरावा गाळा कायदा पाळूनसुद्धा सगळ्या शहराचा गाळ नापास करतो.

जस्ताचं आणखी वाईट, कारण ते घरांतूनही येतं: जीआयचे (जस्त चढवलेले) पाइप, पत्रे, कोंड्याचे शाम्पू. येणाऱ्या पाण्यात लिटरला फक्त अर्धा मिलिग्रॅम जस्त असेल तर दिवसाला ५ किलो. चार किलो बसलं तर गाळात किलोला २,००० मिलिग्रॅम. मर्यादेच्या दुप्पट. अर्धा मिलिग्रॅम! कारखान्याला परवानगी पंधराची.

रात्री झाकण उघडणारा चोर आहेच, पण चोर नसता तरी हे गणित बसत नाही. एका टोकाला लिटरमागे मर्यादा लिहिली, दुसऱ्या टोकाला किलोमागे, आणि मधल्या पाइपात दोघांची गाठ कुणी घालूनच दिली नाही.

---

तिरकस | रविवार, दुपारी २:२०

पत्रिका न बघता लग्न. दंडवत.

---

निकेलवाला | रविवार, रात्री ९:४५

एरेशनवाले, आमच्या बाजूने आणखी एक ऐका. आमच्याकडे मोजतात ते लिटरमागे. मग पास व्हायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कुठला? बोअरचा नळ. नमुना घ्यायला गाडी आली की आत फोन येतो, नळ सुरू. सहा मिलिग्रॅमचं पाणी दुप्पट करा, तीन झालं. रिपोर्ट पास. तुमच्या गाळात पडणारे ग्रॅम तेवढेच, वर बोअरचं पाणी वाया.

आणि मी पाणी वाचवलं तर माझा आकडा वर जातो! २० हजार लिटरचं ८ हजारांवर आणलं तेव्हा तेच निकेल कमी पाण्यात आलं, लिटरमागचा आकडा चढला. दांडीने निकेल कमी केलं म्हणून निभावलं, नाहीतर नोटीस मला आली असती आणि शेजारी नळ उघडून मोकळा.

---

मिशिगनचा_वारा | सोमवार, पहाटे ५:१५

नमस्कार. मी अमेरिकेत मिलवॉकीपासून फार लांब नाही. एका छोट्या शहराच्या खात्यात नोकरी करते आणि माझं काम नेमकं हेच: कारखान्यांच्या मॅनहोलमधून नमुने काढणं. मराठीत यावर चर्चा चाललेली बघून चहा बाजूला ठेवला.

एरेशनवाल्यांनी जी गाठ म्हटलीय ती इथे घालतात, आणि ती घालायची जबाबदारी शहरावर आहे. १९७८ पासून पूर्वप्रक्रियेचे (कारखान्याने गटारात सोडण्याआधी पाणी साफ करण्याचे) केंद्रीय नियम आहेत. पद्धत उलटी. आधी बघायचं, गाळ कुठे जाणार? शेतात. मग शेताच्या गाळाला किती धातू चालतो? त्यावरून प्लँटच्या तोंडाशी रोज किती किलो येऊन चालेल ते काढायचं. त्यातून घरांचा वाटा वजा करायचा, थोडी राखीव बाजूला ठेवायची, उरलेलं कारखान्यांना वाटून द्यायचं. त्यामुळे दोन शेजारच्या शहरांत निकेलची मर्यादा वेगवेगळी असू शकते. कारखानदार कुरकुरतात, पण आकडा कुठून आला ते त्यांना मांडून दाखवता येतं.

पाणी मिसळून पास होणं हा इथे स्वतंत्र गुन्हा आहे, नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. आम्ही नमुन्यासोबत पाण्याच्या मीटरचं रीडिंगही घेतो, ते याचसाठी. प्लेटिंगसारख्या ठरावीक धंद्यांना लहान असले तरी परवाना लागतो. बाकीच्यांना दिवसाला २५ हजार गॅलनच्या, म्हणजे साधारण ९५ हजार लिटरच्या वर.

आणि एक गंमत. जे मोठे उल्लंघन करतात त्यांची नावं शहराला वर्षातून एकदा वर्तमानपत्रात छापावी लागतात. दंडापेक्षा त्याला जास्त घाबरतात, असा माझा अनुभव.

गाळाचे आकडे १९९३ मध्ये आले. सर्वसाधारण वापराच्या चांगल्या गाळाला जस्त २,८००, निकेल ४२०, कॅडमियम ३९. हो, तुमच्यापेक्षा पुष्कळ ढिले. क्रोमियमसुद्धा यादीत होतं, पण चामड्याचे उद्योग कोर्टात गेले, १९९४ मध्ये निकाल लागला आणि पुढे ते काढावं लागलं.

मिलवॉकीत १९२६ पासून गाळ वाळवून, दाणे करून, पोत्यात भरून खत म्हणून विकतात. मिलॉर्गनाइट त्याचं नाव. आमच्या कॉलनीत मे महिन्यात लोक हिरवळीवर टाकतात. पहिला पाऊस पडला की मला आजोळच्या उकिरड्याची आठवण येते.

---

तिरकस | सोमवार, सकाळी ८:०५

आपल्याकडे पेपरात नाव छापून आलं तर सत्कार समजून हार घेऊन जातील.

बाकी कॅडमियम त्यांचं ३९ आणि आपलं ५. म्हणजे आपणच शुद्ध! चला, धागा संपला.

---

मृद्गंध | सोमवार, सकाळी ११:३०

तिरकस, तुमचा टोमणा बरोबर जागी लागलाय. ५ हा आकडा चांगलाच आहे, मला तोच आवडतो. पण तो कुणी किती वेळा मोजतो?

आपल्याकडचं मोठं उदाहरण कानपूरचं जाजमऊ. गंगा कृती योजनेत तिथे ३६ एमएलडीचा एकत्रित प्लँट बांधला: ९ चामड्याच्या कारखान्यांचं पाणी आणि २७ घरगुती मैला, एकत्र. कल्पना अशी की कारखान्यांनी आपलं क्रोम आधी आपल्या आवारात काढायचं, मग उरलेलं पाठवायचं. आधीचं ते "आधी" नीट झालंच नाही. शुद्ध केलेलं पाणी खालच्या गावांना शेतीसाठी दिलं आणि गाळात क्रोमियम. एकदा मैल्यात मिसळलं की ना मैला खत म्हणून उरतो, ना क्रोम परत मिळतं. वेगळं असताना दोन्हींची किंमत होती.

---

एरेशनवाला | सोमवार, दुपारी १:१५

वारा ताई, गाळ किती दिवसांनी तपासावा लागतो तिकडे?

---

मिशिगनचा_वारा | मंगळवार, पहाटे ४:५०

टनांवर आहे. वर्षाला २९० टनांच्या खाली असेल तर एकदा, २९० ते १,५०० पर्यंत तिमाहीला एकदा, त्यावर आणखी लवकर लवकर. बांधावरचे यांचा प्लँट २ टन रोज म्हणजे वर्षाला ७०० च्या वर, इथे असता तर दर तीन महिन्यांनी.

पण इथलं सगळं सोन्याचं समजू नका. त्या १९९३च्या यादीत जे धातू आहेत त्यांचंच बघितलं गेलं. पीएफएएस नावाची रसायनं, ती नॉनस्टिक आणि फायर फोमवाली, यादीत नव्हतीच. मेन राज्यात गाळ टाकलेल्या शेतांतलं दूध आणि विहिरी खराब निघाल्या. शेवटी २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकायलाच बंदी घातली.

निकेलवाला शेठ, यात तुमच्या धंद्याचा धागा आहे. मिशिगन राज्यात शोध घेतला तेव्हा पुष्कळदा माग क्रोम प्लेटिंगवाल्यांपाशी संपला. क्रोमच्या टाकीतून विषारी फवारा उडू नये म्हणून वर जे फेसाचं औषध टाकतात त्यात ते होतं. कामगाराचं फुप्फुस वाचवायला टाकलेलं, तेच गटारातून गाळात गेलं. लपीर नावाच्या गावी प्लेटरच्या पाण्यावर कोळशाचे फिल्टर बसवले आणि प्लँटच्या पाण्यातलं प्रमाण धाडकन खाली आलं. एका गाळ्यापाशी उपाय केला, सगळ्या गावाला फरक.

---

निकेलवाला | मंगळवार, सकाळी ९:००

हे मला नवीन आहे. फेसाचा कॅन आत्ता समोर आहे, लेबलवर फक्त "मिस्ट सप्रेसंट" आणि पुरवठादाराचा फोन. फोन लावतो.

---

इंद्रायणीकाठ | मंगळवार, सकाळी १०:१०

पण चोर सापडणार कसा? रात्री सोडणारा रात्रीच सोडणार. प्रदूषण नियंत्रण मंडळाची गाडी दिवसा.

---

एरेशनवाला | मंगळवार, दुपारी १२:४०

पाणी वाहून जातं, पण गटाराच्या भिंतीवरची शेवाळासारखी बुळबुळ जात नाही. तिच्यात धातू आठवडेच्या आठवडे साठत राहतो. जर्मनीत त्या बुळबुळीचेच नमुने घेतात. एका मॅनहोलपासून वर वर जात खरवडत जायचं, जिथे फांदीवर आकडा उडी मारतो ती गल्ली, मग त्या गल्लीतलं दार. चोर झोपलेला असताना मोजता येतं.

आमच्याकडे एकदा एरेशन टाकी (जिवाणूंना हवा देतात ती) बंद पडल्यासारखी झाली होती. फेस तपकिरी, सूक्ष्मदर्शकाखाली एकही हलणारा जीव नाही. मी डायफिनाइल कार्बाझाइडची बाटली आणि परीक्षानळ्या घेऊन स्वतः सात मॅनहोल फिरलो. सहाव्याला नळी जांभळी झाली. म्हणजे सहा संयुजेचं क्रोम, जिवंत. वर अहवाल दिला. पुढे काय झालं ते विचारू नका, नोकरी करायची आहे अजून.

गटारात काय सोडतो हा नुसता गाळाचाही प्रश्न नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून हेक्झेन गटारात गेलं आणि पहाटे दोन मैलांहून जास्त रस्ते फुटून वर आले.

---

बांधावरचा | मंगळवार, रात्री ९:२५

सगळं भावाला वाचून दाखवलं, लुइव्हिलसकट. तो म्हणाला, "मग आता काय करू ते सांग, ढीग बांधावर आहे."

---

मृद्गंध | मंगळवार, रात्री १०:००

भावाला सांगा: ढिगाच्या आठ-दहा जागांहून, वरचं थोडं बाजूला सारून, मूठमूठ घ्या. घमेल्यात नको, घमेल्याला जस्ताचा मुलामा असतो! प्लास्टिकच्या बादलीत मिसळा, त्यातून किलोभर स्वच्छ प्लास्टिक पिशवीत. सोबत त्या मुरमाड तुकड्याची माती वेगळी, त्याच आठ धातूंसाठी आणि पीएचसाठी. प्रयोगशाळा एनएबीएलची मान्यता असलेली बघा. रिपोर्ट येईपर्यंत मेथीच्या तुकड्यात एक फावडंही नको. आणि ढीग ओढ्यापासून लांब, वर ताडपत्री. जंतांची अंडी हा वेगळा विषय, हाताने चुरू नका, मुलांना तिथे खेळू देऊ नका.

---

बांधावरचा | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ८:४०

रिपोर्ट आला. उशीर झाला, लॅबमध्ये गर्दी होती.

जस्त १,३४०. निकेल ७८. क्रोमियम ६१. कॅडमियम २.२. शिसं ५४. तांबं मर्यादेत, आर्सेनिक-पारा नगण्य. म्हणजे आठांपैकी तीनांत नापास. ज्याची सगळ्यात भीती होती ते कॅडमियम पास.

---

मृद्गंध | रविवार, सकाळी ९:०५

मेथी-पालकाला नाहीच. उसाला एकदा टाकला तर लगेच आभाळ कोसळणार नाही, पण मी टाकणार नाही. ठेकेदार पुढच्या वर्षी पुन्हा फुकट देणार, आणि तेव्हा तुम्ही "मागच्या वर्षी काय झालं?" म्हणाल.

---

एरेशनवाला | रविवार, सकाळी ११:२०

क्रोम, निकेल आणि जस्त तिन्ही एकत्र वर. पूर्वेच्या बाजूची ही सहीच आहे. हा रिपोर्ट नुसता घरात ठेवू नका. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात अर्जाला जोडून द्या, आवक शिक्का घ्या. अर्जात "गाळ खराब आहे" एवढंच लिहू नका. लिहा, की एसटीपीला जोडलेल्या कारखान्यांची यादी आणि त्यांच्या संमतीपत्रातल्या पाण्याच्या मर्यादा द्या. ती यादी आणि गाळाचा आकडा शेजारी शेजारी ठेवला की गणित कुणीही करू शकतो.

---

निकेलवाला | रविवार, दुपारी ३:३०

यादी मिळाली तर इथे टाका. मीही एका यादीत असेनच, शहर वेगळं असलं तरी. आणि पुरवठादाराने फेसाच्या औषधाचा कागद पाठवलाय, त्यात नावाच्या जागी "व्यापारी गुपित" लिहिलंय. दुसरा पुरवठादार बघतोय.

---

बांधावरचा | रविवार, संध्याकाळी ६:१५

अर्ज उद्या देतो. ठेकेदाराला फोन केला, म्हटलं गाळ परत न्या. म्हणाला, एकदा गेटबाहेर गेला की तो तुमचा, रजिस्टरला तुमच्या भावाची सही आहे. फार झालं तर आत ओतून घेईन, पण आणून तुम्ही द्यायचा.

काल पाऊस पडला. ताडपत्री उडाली होती, रात्री दोघांनी जाऊन दगड ठेवले. भाऊ विचारतोय, परत न्यायचं डिझेल कोण देणार?

---

तिरकस | रविवार, संध्याकाळी ६:२२

आणताना ज्याने दिलं त्यानेच.